टाच खाली येताना

स्नायूंकडून आपण जी कामं करून घेतो, त्यांतली कितीतरी आवरून धरण्याची असतात, हे पन्नाशी येईपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. जिना चढायला ताकद लागते, उतरणं काय, ते आपोआप होतं, अशीच माझी समजूत. प्रत्यक्षात प्रत्येक पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आपलं सगळं वजन तोलून हळूहळू खाली सोडत असतो. खुर्चीत आपण धपकन न पडता बसतो, तेही त्याच्याच जिवावर. जड वस्तू दोराने खाली सोडायची तर दोर हातातून आवळत-आवळत सोडावा लागतो, तसा हा स्नायू जोर लावता-लावताच लांब होत जातो. शास्त्रात याला एक्सेन्ट्रिक आकुंचन म्हणतात. स्नायू फाटतो तोही पुष्कळदा ह्याच कामात. जोर लावलेला असतो आणि नेमका त्याच क्षणी ताण बसतो.

माझी उजवी पोटरी फाटली ती बॅडमिंटन खेळताना. शटल जाळीपाशी पडत होतं. उजवा पाय मागे, गुडघा सरळ, टाच टेकलेली, आणि तिथून मी एकदम पुढे झेप घेतली. मागून कुणीतरी लाथ घातली असं वाटून मी रागाने वळून पाहिलं, तर मागे चिटपाखरू नव्हतं. ही लाथेची गोष्ट मला आपली एकटीची वाटत होती. पुढे कळलं की पोटरीचा स्नायू फाटलेली माणसं डॉक्टरांना हमखास हेच सांगतात, ‘वळून पाहिलं’ इथपर्यंत. चाळिशी-पन्नाशीतल्या, आठवड्यातून एकदा उत्साहाने खेळणाऱ्यांची ही ठरलेली दुखापत. तिला ‘टेनिस लेग’ असं नावही आहे. बॅडमिंटनला तेवढाही मान नाही!

डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी मुठीत धरून दाबली. पाऊल हललं. म्हणजे टाचेला जोडणारी जाड कंडरा, अकिलीस टेंडन, शाबूत होती. ती तुटली असती तर पोटरी कितीही दाबली तरी पाऊल ढिम्म राहिलं असतं. काहीही यंत्र न लावता इतकी मोठी गोष्ट कळते याचं मला त्या दुखण्यातही कौतुक वाटलं. मग सोनोग्राफी. पोटरीचा आतल्या बाजूचा फुगीर स्नायू कंडरेला मिळतो तिथे अर्धवट फाटलेला होता. दुसऱ्या दर्जाची दुखापत. पहिल्या दर्जात थोडेसे तंतू जातात, तिसऱ्यात स्नायू पूर्ण तुटतो, आणि मधला सगळा प्रदेश दुसऱ्याचा. (एक सांगून ठेवते. काही लागलेलं नसताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर व्यायाम किंवा मालीश यांच्या नादी न लागता आधी डॉक्टरांना दाखवावं. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.)

घरी आल्यावर ज्याने त्याने एकच सल्ला दिला : हलू नकोस. आई तर दाराशीच म्हणाली, “आता महिनाभर पाय वर करून पडून राहा.” यात तिची काय चूक? आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंचावर हे सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं, आणि खेळाच्या मैदानांवरून ते घराघरांत गेलं. त्याच मर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरून येण्याला उलट उशीर लागू शकतो. पण मूळ सूत्र जितकं दूर जातं तितकी त्याची दुरुस्ती जात नाही. आमच्या घरी तर ती पोचलीच नव्हती.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या भेटीत, सूज पुरती उतरलीही नसताना, त्याने माझ्या तळपायाला हात लावला आणि म्हणाला, “मॅडम, माझा हात ढकला.”

“अहो डॉक्टर, फाटलंय ते.”

“म्हणूनच ढकला. सगळा जोर नको, चौथा हिस्सा लावा.”

मी ढकललं. पाऊल जागचं हललं नाही, पोटरी मात्र घट्ट झाली. दुखलं, पण ज्या कळेची धास्ती घेऊन बसले होते ती आली नाही. त्याने मनात आकडे मोजले आणि मग सोड म्हणाला. पुन्हा धर, पुन्हा सोड. माझ्या उपचाराचं पहिलं औषध हे एवढंच होतं.

इतक्या लवकर कशाला, असं मी त्याला विचारलं. त्याने डेन्मार्कमधला एक प्रयोग सांगितला. मी नंतर तो शोधून वाचला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेले ५० हौशी खेळाडू. निम्म्यांचे व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरू झाले, निम्म्यांचे नऊ दिवसांनी. व्यायाम तेच, क्रम तोच, फरक फक्त सुरुवातीच्या आठवड्याचा. लवकर सुरू केलेले साधारण ६२ दिवसांत न दुखता मैदानावर परतले, थांबलेल्यांना ८३ दिवस लागले. एक आठवडा थांबण्याची किंमत तीन आठवडे! आणि लवकर हललेल्यांचे स्नायू पुन्हा जास्त फाटले, असंही झालं नाही. हा निकाल मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “ते खेळाडू आहेत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण समजल्यावर मात्र मला तो व्यायाम निराळाच दिसायला लागला. स्नायू फाटतो तेव्हा आत रक्तस्राव होतो, सूज येते, आणि सूज म्हणजे तिथे साफसफाई चाललेली असते. तुटक्या तंतूंचा कचरा उचलला जातो. मग डागडुजी सुरू होते. स्नायूच्या प्रत्येक तंतूच्या कडेला, त्याच्या आवरणाला बिलगून, काही पेशी निजलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांना सॅटेलाइट पेशी म्हटलं. एरवी त्या काही करत नाहीत. दुखापत झाली की जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. पण तेवढ्या वेळात फाटलेली जागा मोकळी ठेवून चालत नाही. शरीर तिथे कोलॅजनचा, म्हणजे धाग्यांसारख्या चिवट प्रथिनाचा, व्रण भरून ठेवतं, आणि हा व्रण सुरुवातीला वेडावाकडा असतो, कुठल्याही दिशेने विणलेला. त्यावर ओढ पडते ती ज्या दिशेने, त्या दिशेने तो हळूहळू सरळ होत जातो. नवे तंतूही ओढीच्या रेषेतच लागतात. ओढच पडली नाही तर शरीराला कळणार कसं, की ह्या जागेने पुढे कुठलं काम करायचं आहे? पडून राहणाऱ्या माणसाचा व्रण पडून राहण्यापुरताच तयार होतो.

अर्थात ओढ किती, हा सगळा खेळ. फिजिओने मला शून्य ते दहाची एक पट्टी दिली. व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, त्यापुढे गेलं तर थांबायचं. पण त्याचा खरा भर दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर होता. झोपेतून उठून टाकलेलं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखतंय का? नसेल, तर कालचा व्यायाम पचला. असेल, तर आज कमी करा, बंद करू नका. शेवटचे तीन शब्द तो दर वेळी म्हणायचा. मला ही सकाळची परीक्षा फार आवडली. व्यायाम करताना माणूस एक तर भितो किंवा चेकाळतो, दोन्ही वेळा खोटं बोलतो. पलंगावरून उतरलेलं पाऊल दोन्ही करत नाही, ते अजून अर्धवट झोपेत असतं.

ह्या काळात त्याने डाव्या, धडधाकट पायालाही पूर्ण जोराचे व्यायाम दिले. मला वाटलं, नुसतं गुंतवून ठेवायला. पण १८९४ मध्येच येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या, स्वस्थ बसलेल्या हाताचीही ताकद काही प्रमाणात वाढते. ताकदीचा बराचसा भाग स्नायूत नसून त्याला हुकूम सोडणाऱ्या मज्जासंस्थेत असतो. दुखऱ्या पायाला हुकूमच कमी सुटत असतात. मेंदू हात राखून असतो. शेजारच्या पायाच्या निमित्ताने त्याची हुकूम सोडण्याची सवय टिकावी, हा हेतू.

पुढचे टप्पे सांगायला सोपे आहेत. आधी बसून टाचा उचलायच्या. मग भिंतीला हात टेकून दोन्ही पायांवर उभं राहून. मग दोन्ही पायांनी वर, आणि एकट्या उजव्याने खाली. मग सगळंच एका पायाने. शेवटी पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, म्हणजे टाच पायरीच्या पातळीखाली उतरते. यातला प्रत्येक प्रकार दोनदा, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून. हे मला सुरुवातीला नुसतं किचकट वाटलं. पण पोटरीत दोन मोठे स्नायू एकावर एक आहेत. वरचा, तो फुगीर, गुडघ्याच्याही वरून निघतो आणि टाचेपर्यंत जातो. गुडघा वाकवला की तो ढिला पडतो, आणि भार खालच्या चपट्या, चिवट स्नायूवर येतो. वरचा झेप घेण्यासाठी, खालचा दिवसभर उभं ठेवण्यासाठी. माझा वरचा फाटला होता, पण लंगडत चालल्याने खालचाही वाळला होता. ‘पायाचा व्यायाम’ म्हणून कुणी मला सायकल चालवायला लावलं असतं तर या दोघांतलं मागे कोण पडलंय हे कधी कळलंही नसतं.

आणि मग ते खाली येणं. वर जाताना मोजायचं नाही, असं तो म्हणायचा. खाली येताना चार मोजा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा दोनवरच टाच धप्पकन पडली. वर जाणं उजव्या पायाला आधीच जमत होतं. खाली सोडणं जमत नव्हतं. टाच जसजशी खाली जाई तसतशी पोटरी थरथरू लागे, आणि एका ठरावीक उंचीला, अगदी त्याच जागी, हातातून काहीतरी निसटावं तशी ती सुटून जाई. माझा स्नायू जिथे फाटला तिथेच तो अजून माझं ऐकत नव्हता.

ह्या उतरण्याच्या ताकदीचा एक जुना प्रयोग मला फार गमतीचा वाटतो. १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखं पेडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरत येणारी पेडल नुसती रोखून धरायची. दोघांच्या पायांना लागणारा जोर जवळपास सारखाच. पण पेडल मारणाऱ्याला रोखणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू लागत होता, वेगानुसार सुमारे अडीच ते पाच पट. लंडनच्या रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा चणीने लहान असलेल्या बाईने रोखून धरलं आणि पेडल मारणाऱ्या धिप्पाड तरुणाचा बघता-बघता दम काढला. प्रेक्षक खूश झाले म्हणे. मला ह्यात नुसता विनोद दिसत नाही. कमी खर्चात जास्त भार पेलण्याची ही स्नायूची सोय आहे. दुखापतीतून उठणाऱ्या, चटकन दमणाऱ्या माणसाला हीच हवी असते.

पायरीवरून टाच उतरवण्याचा व्यायाम जगभर पसरला तो स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांच्यामुळे. अस्थिरोगतज्ज्ञ, शिवाय धावणारे, आणि स्वतःच अकिलीस कंडरेच्या जुन्या दुखण्याने बेजार. सांगतात ते असं, की त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे शस्त्रक्रियेची गळ घातली, तर वरिष्ठ म्हणाले, तुम्हाला रजेवर पाठवणं परवडणार नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं की कंडरा व्यायामाने तोडूनच टाकावी, म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल. रोज दुखेपर्यंत टाचा उतरवल्या. कंडरा तुटली तर नाहीच, दुखणं गेलं. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा जणांवर हाच व्यायाम करून पाहिला. दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. पंधराच्या पंधरा जण पूर्वीसारखे धावू लागले. कंडरेचं दुखणं आणि फाटलेला स्नायू ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १८० हा आकडा माझ्या वाट्याला आला नाही याबद्दल मी फिजिओची ऋणी आहे. पण पायरी तीच, टाच तीच.

मांडीच्या मागच्या स्नायूंसाठीही असाच एक व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे घट्ट धरायचे, आणि धड सरळ ठेवून पुढे पडायचं, होईल तितकं सावकाश. डेन्मार्कमधल्या ९४२ फुटबॉलपटूंपैकी निम्म्या संघांना तो दिला. निकाल २०११ मध्ये आला. व्यायाम करणाऱ्यांत त्या स्नायूच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. मी तो एकदा करून पाहिला. पुढे पडले, सावकाश मात्र नाही.

यानंतरचा काळ कंटाळ्याचा. याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं त्यात काही नसतं. दुखणं गेलेलं असतं, चालणं सुधारलेलं असतं, चौकशी करणारे थांबलेले असतात, आणि नेमकं ह्याच वेळी व्यायाम जड करायचे असतात. बहुतेक जण इथेच सोडतात. न दुखणं म्हणजे बरं होणं, हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो तपासावा असंच वाटत नाही. फिजिओने माझा हिशेब एका खेळीत मोडला. डाव्या पायावर टाच उचलायला सांगितली, दमेपर्यंत. मग उजव्यावर. उजवा अर्ध्यावर थांबला. दुखत तर कुठेच नव्हतं. “आता हे बॅडमिंटनला घेऊन जाणार का?” त्याने विचारलं. एका पायावर सलग वीस-पंचवीस टाचा, आणि तेही दुसऱ्या पायाच्या बरोबरीने, असा त्याचा निकष होता. आधी दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते, हे खेळवैद्यकातल्या सर्वांत पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. नुसते दिवस गेल्याने ती शक्यता पुरती जात नाही.

मग पाठीवर सॅक आली, सॅकमध्ये पुस्तकं. हलकी सुरुवात, मग शब्दकोश. भार टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने शिकागोच्या रुग्णालयात रूढ केली. तोवर जखमी सैनिकांना हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायला देत, आणि त्यांचे पाय महिनोन्महिने काटक्याच राहत. डीलॉर्म लहानपणी संधिवाती तापाने अंथरुणाला खिळला होता आणि पुढे वजनं उचलून त्याने स्वतःचं शरीर कमावलं होतं. त्याने सैनिकांना जड वजन, थोड्या वेळा, आणि दर काही दिवसांनी आणखी जड, असं दिलं. १९४५ मध्ये त्याने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, पण त्याच्या पद्धतीतून आलेले दहाचे तीन सेट, म्हणजे दहा-दहा वेळा तीन फेऱ्या, अजून बहुतेक ठिकाणी चालू आहेत.

रीळवर ‘पोटरीदुखीवर पाच जादुई व्यायाम’ दाखवणाऱ्यांचा मला आता राग येतो. व्यायाम चूक नसतात, बरेचदा तेच असतात. पण कुणाला, कुठल्या आठवड्यात, किती भाराने, आणि दुखलं तर पुढे काय, हे काहीच नसतं. तीच टाच, तीच पायरी पहिल्या आठवड्यात स्नायू पुन्हा फाडू शकते आणि आठव्या आठवड्यात त्याला उभं करते. मालीश, फोम रोलर, गरम पट्टा हे सगळं मी केलं, बरंही वाटलं, आणि ते बरं वाटण्यापुरतंच होतं.

शेवटचा टप्पा उड्यांचा. शरीर तयार होतं, मी नव्हते. दोरीवरच्या उड्या दोन्ही पायांनी जमल्या. एका पायावर उडी मार म्हटल्यावर मी उभीच राहिले. पाय जमिनीवरून सुटेना. फिजिओ काही बोलला नाही, समजावलं नाही, हात बांधून शेजारी उभा राहिला. बऱ्याच वेळाने मी कागदभर उंच उडी मारली. मग थोडी जास्त. उडीत काय असतं? वर जाणं क्षणभर, आणि परत येताना पोटरीने सगळं वजन झेलून घेणं. महिनोन्महिने पायरीवर मी जे सावकाश करत आले होते, तेच इथे पापणी लवण्याइतक्या वेळात करायचं होतं. आणि ते जमत होतं. त्या जागेवर काहीच निसटलं नाही.

खेळायला परत गेले, आता जाळीजवळचं शटल सोडून देत नाही. अलीकडे फिजिओने सहज पुन्हा दोन्ही पायांच्या टाचा मोजल्या. उजवा सत्तावीसवर थांबला, डावा एकोणिसावर. त्याने दोनदा मोजलं. मग वहीचं नवं पान उघडलं, वर ‘डावी पोटरी’ असं लिहिलं, आणि मला पायरीवर उभं केलं.